कठाणीला नाव मिळाले, नेतृत्वाचे काय?

महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन क्षेत्राचे नेतृत्व २०२२ नंतरच्या काळात अनेकदा नव्या हातांत गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये हे खाते राधाकृष्ण विखे पाटील यांच्याकडे आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पंकजा मुंडे यांच्याकडे सोपविण्यात आले. मधल्या काळात, २०२३ मध्ये, स्वतंत्र कायदा करून महाराष्ट्र गोसेवा आयोग अस्तित्वात आणला गेला आणि शेखर मुंदडा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पैदाशीचे कार्यक्रम राबविणारे महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ २००२ मध्ये अकोल्यात स्थापन झाले होते. त्याचे मुख्यालयही पुढे नागपुरास गेले. अशा प्रत्येक बदलाच्या वेळी नियुक्ती कोणाची, कोणत्या विभागाला प्रतिनिधित्व मिळाले, कार्यालय कोणत्या शहरात राहणार, यावर भरपूर चर्चा झाली. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात गुरे राखणाऱ्या माणसाचा या साऱ्याशी संबंध काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे, कारण या दोन जिल्ह्यांतील गाय आता ‘बिननावाची’ राहिलेली नाही.

जानेवारी २०२३ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या जात नोंदणी समितीने देशातील दहा नव्या पशुजातींना मान्यता दिली. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला दोन जाती आल्या. एक पूर्णाथडी म्हैस आणि दुसरी कठाणी गाय. गडचिरोलीजवळून वाहत वैनगंगेला मिळणाऱ्या कठाणी नदीचेच नाव या जातीने धारण केले आहे. ही पूर्व विदर्भातील धानपट्ट्याची आणि जंगलाची गाय. चण लहान, दूध थोडे, पण बैल काटक. पावसाळ्यात बांध्या पाण्याने भरल्या की गुडघाभर चिखलात औत ओढणे हे त्याचे खरे काम, आणि नोंदणी करतानाही दलदलीच्या धानशेतीतील हाच गुण मुख्यत्वे विचारात घेतला गेला. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हाही ही गुरे रानातल्या चाऱ्यावर तग धरतात. गोठा, पेंड आणि खुराक यांवर त्यांचे जगणे अवलंबून नाही.

या मान्यतेचे महत्त्व कमी लेखू नये. तोपर्यंत सरकारदप्तरी ही जनावरे ‘गावठी’ या सरसकट रकान्यात मोजली जात. त्या रकान्यातील जनावराबाबत पैदास धोरण ठरलेले असते. त्याची ‘सुधारणा’ करावयाची, म्हणजे कृत्रिम रेतनाद्वारे त्यात जर्सीचे, होल्स्टिनचे किंवा अलीकडच्या काळात गीर-साहिवालचे रक्त आणावयाचे. ज्याला नाव नाही ते टिकविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत नाव चढल्यावर ती जात शुद्ध स्वरूपात राखण्याचे दायित्व तत्त्वतः शासनावर येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत नोंदणीकृत जातींची जातवार मोजदाद करण्याचे ठरले, तेही याच कारणाने.

तथापि, यादीत नाव येणे आणि ते निर्णय घेणाऱ्यांच्या ध्यानात राहणे यांत अंतर असते. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले. त्या निर्णयात राज्याच्या विविध भागांतील देशी जातींची उदाहरणे दिली होती. मराठवाड्याची देवणी आणि लाल कंधारी, पश्चिम महाराष्ट्राची खिल्लार, उत्तर महाराष्ट्राची डांगी आणि विदर्भाची गवळाऊ. कठाणीला मान्यता मिळून तोवर वीस महिने झाले होते. तिचा उल्लेख नव्हता. ही चूक हेतुपुरस्सर झाली असे कोणी म्हणणार नाही. उदाहरणे देताना ज्यांची आठवण होते, ती नावे लिहिली जातात. खिल्लारीच्या मागे सोलापूर-सांगलीचे बाजार, यात्रा, शर्यती आणि हौशी बागायतदार आहेत. देवणीच्या मागे उदगीर-लातूरचा शेतकरी आहे. कठाणीच्या मागे उभे राहून तिचे नाव घेणारे संघटित बळ नाही, हे तिचे खरे दुखणे आहे.

पशुपैदासीच्या इतिहासात जात टिकली ती बहुधा पैदासकारांच्या संघटनेमुळे टिकली, असे दिसते. इंग्लंडमध्ये जॉर्ज कोट्स याने १८२२ मध्ये शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळ छापली आणि कोणत्या गायीचा बाप कोण हे कागदावर आले. पुढे अशा नोंदवह्या राखणे, वळू निवडणे, अपात्र जनावर वंशावळीतून वगळणे ही कामे पैदासकारांच्या मंडळांनी अंगावर घेतली. भारतीय गुरांच्या बाबतीत हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाले ते भारताबाहेर, ब्राझीलमध्ये. आंध्रची ओंगोल तेथे ‘नेलोर’ झाली आणि काठेवाडची गीर तेथे दुधासाठी घडविली गेली. उबेराबा येथील झेबू पैदासकारांची संघटना त्यांच्या वंशावळी राखते आणि तिचा अध्यक्ष सभासद पशुपालकांच्या मतांनी निवडला जातो. ती बड्या जमीनदारांची संघटना आहे हे खरे. गडचिरोलीच्या दोन एकरवाल्याला तिचा आदर्श जसाच्या तसा लागू पडणार नाही. पण तिच्यातील एक तत्त्व सर्वत्र लागू आहे. ज्याच्या दावणीला जनावर आहे, त्याला जनावराच्या भवितव्याविषयी मत देण्याचा अधिकार आहे.

आपल्याकडे हे काम शासनाने केले आणि तेही मोजक्या जातींपुरते. केंद्राच्या वंशावळ नोंदणी योजनेत गायींपैकी गीर, कांकरेज, हरियाना आणि ओंगोल या चारच जाती घेतल्या गेल्या. महाराष्ट्रातील एकही गाय त्यांत नाही. राज्याच्या संस्थांचा कारभार पाहिला तर प्रत्येकीची दृष्टी वेगळी असल्याचे आढळते. पशुधन विकास मंडळ मुख्यत्वे गोठित वीर्य, कृत्रिम रेतन आणि दूधवाढ यांच्या हिशेबात विचार करते. गोसेवा आयोगाचे लक्ष गोशाळांकडे आहे. गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाची योजनाही त्याच्याकडेच सोपविली गेली. आयोगावर शासकीय विभागांचे अधिकारी आहेत, गोशाळा आणि गोसेवा संस्थांचे प्रतिनिधी आहेत. विदर्भ-मराठवाड्यातील १९ जिल्ह्यांसाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने आखलेल्या प्रकल्पाचा मापदंड साहजिकच लिटर हा आहे. यांपैकी कोणतेही काम निरर्थक नाही. मात्र जी गाय फार दूध देत नाही, गोशाळेतही राहत नाही आणि जिचे मोल बैलाच्या खांद्यावर आणि शेणखतावर ठरते, तिला या तिन्ही चौकटींत जागा सापडत नाही.

बैलाचे मोलच घसरत असताना ही उणीव अधिक जाणवते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात गायींची संख्या सात वर्षांत १८ टक्क्यांनी वाढली, तर नर गोवंशाची सुमारे ३० टक्क्यांनी घटली. महाराष्ट्राचा एकूण गोवंश याच काळात सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आला. चिखलणीला ट्रॅक्टर आला, रोटाव्हेटर आला. १९९५ च्या दुरुस्ती विधेयकास राष्ट्रपतींची संमती मिळून मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. तिच्या इष्टानिष्टतेचा वाद येथे नको. कामातून गेलेला बैल विकून आलेल्या पैशात नव्या गोऱ्ह्याची भर घालण्याची शेतकऱ्याची जुनी रीत तिच्यामुळे मोडली, एवढे येथे नोंदविणे पुरेसे आहे. म्हातारा बैल पोसणे परवडत नाही म्हणून गोऱ्हाच वाढवू नये, असा विचार घरोघरी होऊ लागला, तर बैलासाठी ओळखली जाणारी जात कशाच्या बळावर टिकणार?

शंकरपटाचा एक आधार होता. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव पट भरत आणि पटाला आलेल्या गर्दीसाठी रात्री नाटके होत. वडसा म्हणजेच देसाईगंज हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र झाले, त्यामागे धानाचा हंगाम आणि बैलांचे हे पट दोन्ही होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींना मनाई केली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अंतरिम मुभा मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. पट पुन्हा सुरू झाले. पण पटाला धावणारी जोडी आणि बांधीत राबणारी जोडी यांची निवड वेगळ्या निकषांवर होते. केवळ वेगासाठी निवड होत राहिली, तर चिखलातला चिवटपणा हा मूळ गुण मागे पडण्याचा संभव आहे. कोणत्या गुणासाठी वळू निवडावा, हे ठरविणारे कोणी असावे लागते ते याचसाठी.

या जिल्ह्यांतील दुसरा पेच जंगलाचा आहे. गडचिरोलीचे सुमारे ७६ टक्के क्षेत्र वनांखाली आहे. कठाणी ही चराईवर वाढलेली गाय असल्याने तिचे संवर्धन हा जितका पशुसंवर्धन खात्याचा विषय आहे, तितकाच वनखात्याचा आहे. ताडोबा-अंधारीचा गाभा चराईसाठी बंद आहे आणि तो असणेही योग्यच. परंतु वाघ गाभ्यात मावेनासे झाले आहेत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत वाघ आणि गुरे एकाच झुडपी रानात वावरतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यासाठी गेलेल्या तीन महिलांना वाघाने एकाच दिवशी ठार केले, तेव्हा साऱ्या राज्याने हळहळ व्यक्त केली. त्याच रानात गुराखी मात्र रोजच जातो.

वाघाने गाय किंवा बैल मारल्यास राज्य शासन भरपाई देते. ऑगस्ट २०२२ च्या निर्णयानुसार बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम. नियम वरकरणी न्याय्य आहे. पण लहान चणीच्या, कमी दूध देणाऱ्या जनावराचा बाजारभाव मुळातच कमी असतो आणि त्याचे पाऊण म्हणजे आणखी कमी. वाघाने मारलेला तो गावचा एकुलता एक चांगला कठाणी वळू असला, तरी त्याच्या वंशमूल्याची किंमत पंचनाम्यात लिहिण्यासाठी रकाना नाही. संकरित गाय गोठ्यात बांधलेली असते, तिला हा धोका कमी. अर्थात, जी जात जंगलाशी जुळवून घेऊन घडली, तिलाच जंगलात राहण्याचा दंड भरावा लागतो.

मग ज्यांनी ही जात राखली, ते कोण आहेत? त्यांत गोंड आणि इतर आदिवासी शेतकरी आहेत, गोलकर आहेत, आणि गावाची गुरे वळणारे गोवारी आहेत. सकाळी आखरावर गावची ढोरे गोळा करून रानात नेणारा आणि संध्याकाळी दारोदार परत आणणारा गायकी हा झाडीपट्टीतील प्रत्येक गावाचा घटक होता. बलिप्रतिपदेला होणारे गायगोधन आणि गोवाऱ्यांची ढालपूजा या नात्याची साक्ष देतात. कोणती गाय कोणत्या गोऱ्ह्यामुळे गाभण राहिली, कोणत्या गायीची वासरे चिवट निघतात, ही माहिती त्याच्या डोक्यात असते. ब्राझीलमध्ये जे वह्यांत लिहिले गेले, ते येथे गायकीच्या स्मरणात राहिले, एवढाच फरक.

या समाजाला राज्यकर्त्यांनी काय दिले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा आला आणि चेंगराचेंगरीत ११४ जणांचे प्राण गेले. त्यांची मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. आरक्षणाचा तो प्रश्न वेगळा आणि घटनात्मक स्वरूपाचा आहे. परंतु गुरांविषयीच्या मंडळावर गुरे राखणाऱ्याला एक खुर्ची देण्यासाठी घटनेची कोणतीही अनुसूची आड येत नाही.

मान्यता मिळूनही माणूस कोरडाच राहतो, याचे उदाहरण याच मुलखात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या लोंब्या हेरून, वर्षानुवर्षे निवड करून एचएमटी हा धान घडविला. तो लक्षावधी एकरांवर पसरला, विद्यापीठाने शुद्ध केलेला वाणही बाजारात आला, राष्ट्रीय पुरस्कार झाले. जून २०१८ मध्ये खोब्रागडे गेले तेव्हा त्यांच्या हलाखीच्याच बातम्या छापून आल्या. वाणाचे नाव झाले, पण वाणावर त्याच्या निर्मात्याचा हक्क राहिला नाही. कठाणीच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा घडू नये. उद्या या जातीच्या वळूंचे वीर्य विकले जाईल, तिच्या तुपाला आणि शेणखताला ‘जंगलातील देशी गायी’चे मोल येईल. तेव्हा तो लाभ कोणाच्या पदरी पडणार, हे आज ठरवावे लागेल.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शेतकऱ्याला दूध हवे आहे. कमी दुधाची गाय त्याच्या गळ्यात का मारावी? आक्षेप रास्त आहे. वडसा, ब्रह्मपुरी यांसारख्या बाजारालगतच्या गावांत, जेथे चारा, पाणी आणि दूध संकलन आहे, तेथे संकरित गाय किंवा म्हैस पाळणाऱ्यास कोणी अडवू नये. पण एटापल्ली, भामरागड, कोरची येथील दुर्गम गावांत दुधाचा टँकर पोहोचत नाही आणि पशुवैद्यक वेळेवर मिळण्याची खात्री नाही. तेथे आजारी न पडणारी आणि रानावर जगणारी गाय हीच शहाणपणाची निवड ठरते. जुलै २०२५ मध्ये शासनाने पशुसंवर्धनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. वीजदर, ग्रामपंचायतीचे कर आणि कर्जाचे व्याज यांतील सवलतींचा फायदा गोठेवाल्यांना होईल. ज्याच्या गोठ्याला वीजच नाही, त्याच्यासाठी त्यात काय आहे, हे कोणीतरी मंडळाच्या बैठकीत विचारावयास हवे.

दुसरा आक्षेप असा की, विखुरलेल्या, गरीब पशुपालकांची संघटना चालणार कशी? याचे उत्तर गडचिरोलीनेच दिलेले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही तिच्या हाती आला. आज जिल्ह्यातील हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. बांबू आणि तेंदूपानांचे लिलाव करणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, मजुरी वाटणाऱ्या या ग्रामसभांना चार वळूंची निवड आणि वासरांची नोंदवही जड जाणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्कही मान्य केला आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी, हे २००२ च्या कायद्याने सांगितले आहेच. म्हणजे पैदासकार संघटनेचा पाया कायद्याने घालून ठेवला आहे. त्यावर भिंत तेवढी उभी करावयाची आहे.

नव्या नेतृत्वाची कसोटी या भिंतीवर लागणार आहे. अपेक्षा फार नाहीत. पशुधन विकास मंडळावर आणि गोसेवा आयोगावर वनजिल्ह्यांतील पशुपालकांचा प्रतिनिधी असावा आणि तो ग्रामसभांनी सुचविलेला असावा. वडसा येथील शासनाच्या पशुपैदास प्रक्षेत्राचा उपयोग कठाणीच्या शुद्ध वळूंसाठी व्हावा आणि त्यांची निवड गायकींच्या सल्ल्याने व्हावी. ज्या गावांनी कठाणी राखण्याचे ठरविले आहे, तेथे इतर जातींच्या रेतनाचे लक्ष्य लादले जाऊ नये. वाघाने मारलेल्या नोंदणीकृत जातीच्या वळूला भरपाईत वेगळे मोल असावे. यांसाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही आणि खर्चही मोठा नाही. केंद्राने राष्ट्रीय गोकुळ अभियानाची तरतूद मार्च २०२५ मध्ये वाढवून पंधराव्या वित्त आयोगाच्या काळासाठी ३,४०० कोटी रुपयांवर नेली; देशी वंशांचे जतन हेच या अभियानाचे घोषित उद्दिष्ट आहे.

पोळ्याच्या दिवशी झाडीपट्टीत बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात. ज्या गावांत पूर्वी पन्नास जोड्या असत, तेथे आता तोरण भरण्यापुरत्याही मिळत नाहीत, अशी तक्रार म्हातारी माणसे करतात. पुढील पशुगणनांत कठाणीचा स्वतंत्र रकाना असेल. त्यातला आकडा वाढता राहिला, तर मंडळांवरील नव्या अध्यक्षांना श्रेय मिळेल आणि ते मिळावेही. तो घटत गेला, तर नाव दिल्यानंतर गाय गमावल्याचा दोषही त्यांच्याच माथी येईल. पूर्वी निदान ती बिननावाची होती, हे सांगण्याची सोय होती.